सोयीचा शब्द

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात उन्हानं त्वचेचा कॅन्सर झालेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. लायल त्यांतलाच एक. हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या लॉन बोल्सच्या क्लबात कुणी उपचारांचं विचारलं, की ‘केमो चाललीय’ म्हणून तो मोकळा व्हायचा. खरं तर त्याला इम्युनोथेरपी चालू होती. म्हणजे शरीराचीच फौज कॅन्सरवर सोडायची. पण बिअर पिताना हे कोण समजावत बसणार? हळूहळू बायको नोएलीनसुद्धा केमोच म्हणू लागली.

आज इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात तिनं नर्सला तेच सांगितलं. लायलला ओकाऱ्या, डोकेदुखी, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. केमोनं प्रतिकारशक्ती घटते, म्हणून सगळ्यांनी जंतुसंसर्ग धरला. सलाईन आणि अँटिबायोटिक लागलं. नर्सनं लायललाही विचारलं, कसं वाटतंय.

“बरंय,” तो पुटपुटला. इथल्या माणसाचं हाड मोडलं तरी तो बरंयच म्हणतो.

“याला बुडताना विचारलंत ना, तरी म्हणेल पाणी छान आहे,” नोएलीन म्हणाली.

सलाईनची दुसरी पिशवी संपत आली तरी रक्तदाब वर येईना. लायलला सगळं ऐकू येत होतं. कॅन्सरच्या नर्सनं बजावलेलंही आठवत होतं. ही फौज कधीकधी आपल्याच ग्रंथींवर उलटते, शरीराला तगवणारं हार्मोन आटतं. असं झालं तर आधी औषधाचं नाव सांगा. पण जीभ ओंडक्यासारखी पडली होती. पडद्यापलीकडे पावलं येत, थांबत, निघून जात. एक सोयीचा शब्द आपला जीव घेणार, असं त्याला वाटलं.

डॉक्टर लिटिया नाडी पाहायला वाकली. त्यानं तिची बाही धरली.

“केमो... नाही.”

“नाही काय? मीच तर नेते तुला,” नोएलीन म्हणाली.

“इम्युनो...” एवढ्यावरच त्याचा दम संपला.

लिटियाचा चेहरा पालटला. तिनं हार्मोनच्या तपासणीसाठी रक्त काढलं आणि निकालाची वाट न पाहता त्या हार्मोनची जागा घेणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब चढला. मेंदूखालची छोटी ग्रंथी सुजलीय, लिटियानं समजावलं. ती बहुधा पहिल्यासारखी होणार नाही. गोळ्या जन्मभर, आणि एकही चुकवायची नाही.

ती गेल्यावर नोएलीननं खुर्ची खाटेजवळ ओढली. मग तिनं हळूच विचारलं, “कसं वाटतंय?”

लायलच्या तोंडात तो नेहमीचा शब्द आला. त्यानं तो गिळला.

“भीती वाटतेय,” तो म्हणाला.