आईला न बघता आणलेली चिमटी

मित्रांनो, मी एक म्हातारी, टीचभर उंचीची कुत्री आहे. माझं नाव चिमटी. लोक मला बघून "कित्ती गोड!" म्हणतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. हा गोडपणा कोणाकोणाला भोवला, ते मला ठाऊक आहे.

माझा जन्म एका विक्रेत्याच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एकावर एक पिंजरे होते आणि उजेड जवळजवळ नव्हताच. माझी आई मागचा एक पाय वर धरून, लंगडत आमच्याजवळ यायची. एका वेताची पिल्लं विकली गेली की लगेच तिचं दुसरं वेत. आम्हाला नीट खाता येण्याआधीच धुऊन-पुसून पुढच्या खोलीत टोपलीत मांडलं गेलं.

तिथे बाबा आणि त्यांची मुलगी आली. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. मुलगी सारखी गरगर फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

"हिची आई कुठंय?" भिंगरीने विचारलं.

"ती माहेरी गेलीय," विक्रेता म्हणाला.

बाबा हसले, भिंगरीही हसली. आई भिंतीपलीकडेच होती आणि मी मात्र शेपटी हलवत होते.

नव्या घरात माझे फार लाड झाले. एकदा जिन्याजवळ भिंगरीबरोबर दोरी ओढताना माझ्या मागच्या पायात कळ आली. मी किंचाळले. पाय जमिनीला टेकेना.

"किती वेळा सांगितलं, नाचवू नकोस तिला! मोडलास ना पाय?" भिंगरीची आई कडाडली.

भिंगरी कपाटामागे जाऊन बसली. अगं, तुझं काही चुकलं नाही, असं तिला सांगायला माझा जीव तळमळत होता. पण तोंडून कण्हणं तेवढं निघालं आणि तिला वाटलं, मी तिच्यावरच रागावले आहे.

डॉक्टरीणबाईंनी पाय हलकेच वळवून पाहिला. "गुडघ्याची वाटी सरकतेय. लहान चणीच्या कुत्र्यांत हे पुष्कळदा जन्मापासूनच असतं. खेळण्याने नाही झालेलं. दातांचीही दाटी आहे, श्वासनलिका नाजूक आहे, गळ्यात पट्टा बांधू नका. हिच्या आईचे पाय कसे होते?"

बाबांचा चेहरा उतरला. "आईला बघितलंच नाही." मग ते भिंगरीसमोर उकिडवे बसले. "साधं घड्याळसुद्धा मी झाकण उघडून बघतो गं. आणि हिला आणताना सगळं हसण्यावारी नेलं. चूक माझी आहे, तुझी नाही."

भिंगरीने मान हलवली. पण तिचं गरगर फिरणं थांबलं ते थांबलंच. शस्त्रक्रियेनंतर मी चालू लागले, तरी जिना आला की ती मला काचेच्या भांड्यासारखी उचलते. मी तिचा हात चाटते. तिला ते प्रेम वाटतं. खरं तर मी माफी मागत असते.

पुढे शेजारच्या काकूंना पिल्लू हवं होतं. बाबा त्यांना घरी कुत्री पाळून पिल्लं विकणाऱ्या एका बाईकडे घेऊन गेले. मी भिंगरीच्या कडेवर होते. त्या बाईने पिल्लांची आई अंगणात चालवून, पळवून दाखवली. तिच्या गुडघ्यांची तपासणी झाली होती. मग काकूंनाच तिने विचारलं, घरी दिवसभर कोण असतं, जिना आहे का, आणि म्हणाली, "पिल्लं अजून लहान आहेत. थांबायची तयारी असेल तरच देईन."

"दुकानदारीण आहे की मास्तरीण?" काकू फुरंगटल्या.

"काकू, हिच्याकडूनच घ्या," बाबा म्हणाले.

ती धडधाकट आई मला हुंगून गेली, आणि माझी मान खाली गेली. मी विकली गेले, म्हणूनच तर माझ्या आईवर पुढचं वेत लादलं गेलं असेल.

मित्रांनो, पिल्लू आणायला जाल तेव्हा आधी त्याच्या आईला भेटा. ती कशी चालते, कुठे झोपते, ते डोळ्यांनी बघा. दाखवत नसतील तर रिकाम्या हाताने परत फिरा. पाठीमागून एखादं पिल्लू केविलवाणं रडेल. ते पिल्लू मीच आहे असं समजा, आणि तरीही मागे वळू नका.