ओलं वजन

आमच्या लॉन्ड्रीत चादरी खाली धुतात आणि वर वाळतात. खाली पाणी आहे, ऊन नाही. वर टेकाडावर ऊन-वारा भरपूर, पाण्याचा थेंब नाही. देवानं दोन्ही एका जागी ठेवलं असतं तर गाडीच लागली नसती आणि पुढचं रामायणही झालं नसतं.

जुन्या गाडीत पुढे सलग बाक होता. थोरला चालवायचा, मधे सून, खिडकीशी मी. बुडाखाली जुन्या चादरीची जाड घडी, तीही माझीच. वर पोचलं की कोणती दोरी कुणाला, कुठल्या हॉटेलचा माल कुठे टांगायचा, ताण किती द्यायचा, सगळं मी बोलायची आणि सून हात चालवायची. वर मी नसले तर माझा कारभार तिथेच आटोपला, एवढं कळायला शाळा लागत नाही. म्हणून गाडी बदलायची ठरली तेव्हाच मी बजावलं, "कोणतीही आणा, मी मालाबरोबर जाणार."

"जा की," थोरला म्हणाला. "इंजिन तर तूच ठरवायचंस. मॉडेल तेवढं मी बघतो."

मी दुसरीपर्यंत शिकलेली. मॉडेल म्हणजे रंग, दिवे आणि पुढचा चकचकीत पत्रा, असं मी धरून चालले. ते त्याचं त्याला लखलाभ. कामाची वस्तू इंजिन, आणि ती माझ्या हातात आली म्हणून मी मान ताठ करून शोरूममध्ये शिरले.

तिथला विक्रेता गळ्यात टाय बांधून उभा. "या मावशी."

"तुझ्या आईला बहीण आहे का नाही ते मला माहीत नाही. गाडी दाखव."

तो हसला. त्यानं पेट्रोल दाखवलं, गॅस दाखवला, डिझेल दाखवलं. थोरला पेट्रोलपाशी घुटमळला. "आई, हे बघ, आवाज नाही, धूर नाही. चादरींना असं कितीसं वजन असतं?"

"सुक्या चादरीला नसतं. ओली उचलून बघितलीस कधी?"

"हे इंजिन घोड्यासारखं पळतं," टायवाला म्हणाला.

"पळायला कुणाच्या लग्नाला निघालोय? घोडा नको, बैल दे. भरल्या गाडीनं चढाच्या वळणावर थांबावं लागलं तर मागे न सरकता उठेल असा."

"नको आई, डिझेलची घरघर आयुष्यभर ऐकायची," थोरला म्हणाला. त्यानं नाही म्हटलं आणि मी पक्की झाले. मग मी दोन्ही इंजिनांच्या, पुढे बाक असलेल्या गाड्या नुसत्या चालवून बघायला आमच्या दारात मागवल्या, ओल्या चादरींनी गच्च भरल्या आणि वळणावर मुद्दाम थांबवायला लावल्या. पेट्रोल कण्हलं. डिझेल उठलं. मी टायवाल्याकडे बघितलं, त्यानं मान डोलावली. त्या दिवशी मला घरात दोन घास जास्त गेले.

सून एकदाच बोलली. भांडी घासता घासता म्हणाली, "आई, मॉडेलही एकदा नजरेखालून घाला ना."

"मला रंगात रस नाही. तुम्ही दोघं बघा."

"रंगाचं नाही म्हणत मी."

"अगं, आई दमलीय," थोरला आतून म्हणाला, आणि सून खाली मान घालून पातेलं घासत बसली. एकदा बोलून तिनं हात झटकले. पुढे कुणी विचारलंच तर सांगायला मोकळी.

गाडी आली. पांढरी, उंच, मागे खोलीएवढी जागा. मी घडी काखेत मारून खिडकीच्या बाजूला गेले, दार उघडलं. एक खुर्ची. पलीकडे चालवणाऱ्याची. मधे दांडा आणि पाण्याच्या बाटलीची खोबण. पाठीमागे आडवा पत्रा.

"बाक कुठाय?"

"या मॉडेलला दोनच सीट येतात, आई. त्यामुळेच तर मागे एवढा माल मावतो."

"मग मी?"

थोरला चावीशी खेळत राहिला. "आता या वयात तू रोज वर येऊन करणार काय? हिला सगळं जमतं."

टायवाला कागद आवरत होता. माणूस वाईट नव्हता, वातावरण हलकं करायला म्हणून बोलला, "पण इंजिन बाकी तुमच्याच पसंतीचं, मावशी. तसं हे मॉडेल येतंच फक्त डिझेलमध्ये."

मी थोरल्याकडे वळले. "म्हणजे पेट्रोल तुला नकोच होतं."

"तुला हो म्हटलेलं कधी पटलंय? म्हणून नाही म्हटलं."

पोटच्या पोरानं तोंडाला पानं पुसली, आणि पुसताना माझ्याच स्वभावाचं फडकं वापरलं. मला ओल्या चादरी मोजत बसवलं आणि माझी जागा विकत घेतली, म्हणजे विकून टाकली. जुनी गाडी टायवाल्यानं बदल्यात नेली, बाकासकट.

"मागे बसतेस का? चादरी मऊ असतात," थोरला म्हणाला. त्याला तो विनोद वाटला.

"मागे माल बसतो," मी म्हटलं.

सून खिडकीशी बसली. माझ्याकडे बघितलं नाही. गाडी चढाला लागली आणि मी नळाशी उभी राहून कान देऊन ऐकत होते. वळणावर अडखळावी असं फार वाटलं. नाही अडखळली. इंजिनाच्या पारखीत माझा हात कुणी धरणार नाही.

पण पिळायचं मशीन खाली आहे, आणि त्याचं बटण माझ्या हाताशी आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी ते अर्ध्यावर बंद करते. चादरी निथळत गाडीत चढतात. मागच्या दारातून पाण्याची धार लागते आणि सगळ्या चढावर ओला पट्टा उमटतो. काल हॉटेलवाल्यांचे फोन आले, माल वेळेवर पोचला नाही म्हणून.

आज सकाळी थोरला नळाशी आला. "आई, चादरी फार ओल्या येतायत. संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत."

"बैल आहे ना, ओढतोय की."

"ओढतोय गं. पण वाळत नाहीत."

"वाळतात की नाही ते मला काय ठाऊक," मी म्हटलं, आणि बटण बंद केलं. "मी वर कुठे असते?"