डाव्या खुरातला खिळा

मी ड्राय क्रीक बोलतोय. तुम्ही थोडे लांबच उभे राहा, आणि हात मला दिसतील असे ठेवा. राग मानू नका. माणूस जवळ आला की आधी त्याला हुंगून पाहायचं, ही माझी जुनी सवय आहे.

माझा जन्म ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका माळावर, शर्यतीचे घोडे पैदा करणाऱ्या फार्मवर झाला. माझा रंग विटेसारखा तांबडा. तरी तिथल्या माणसांनी मला हाक मारायचं नाव ठेवलं ब्लूई, म्हणजे निळ्या! तांबड्याला निळा म्हणायची त्यांची रीतच आहे. तांबड्या केसांच्या माणसांनाही ते सोडत नाहीत. पण शिंगराला हे कसं कळावं? दिवसाढवळ्या जी माणसं असं बोलतात ती पुढे काय काय बोलतील, असा धसका मी तेव्हाच घेतला.

पुढे मी मेलबर्नला क्लॅरी हॅनिगन या ट्रेनरच्या तबेल्यात आलो. क्लॅरी माझ्याहून संशयी निघाला. सरावाच्या मैदानाबाहेर झाडांवर माणसं दुर्बिणी घेऊन बसत, आमचा वेग चोरून मोजायला. क्लॅरी आधी प्रत्येक फांदी निरखायचा, मगच मला मोकळं सोडायचा. माझं पाणीसुद्धा तो स्वतः चाखून बघे.

मी जिंकत गेलो. सिडनीत जिंकलो, ॲडलेडला जिंकलो, चिखलात जिंकलो, तापल्या मैदानावर जिंकलो. लोक हवेत टोप्या उडवायचे. आणि बक्षीस काय? शिसं! जो घोडा जास्त जिंकतो त्याच्या खोगिरात तिथे जास्त शिसं भरतात, मागच्यांनाही संधी मिळावी म्हणून. मानेवर शाबासकी आणि पाठीवर ओझं. माणसांचं कौतुक मला तेव्हापासून जडच वाटत आलं आहे.

माझी देखभाल मर्ल करायची. चाळिशी ओलांडलेली, कमी बोलणारी बाई. येता-जाता ती माझे पाय चाचपायची. ही शोधतेय तरी काय, असं मला नेहमी वाटायचं.

मग मेलबर्नच्या मोठ्या कपाची शर्यत आली. शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावाचे जड नाल काढून हलके नाल ठोकतात. ते काम स्नोई पेटिफर या म्हाताऱ्या नालबंदाचं. पण क्लॅरीने त्याला फाटकातच अडवलं.

"काल पबात बुकीने पाजलेली बिअर प्यायलास म्हणे?"

"अरे, त्याची पाळी होती! आधीची फेरी मी पाजली, त्याच्या आधीची खाटकाने. पाळीची बिअर नको म्हटली तर उद्या कोणी माझं तोंड बघणार नाही. तुला नाही कळायचं ते. तू जन्मात कधी कुणाला पाजलीस?"

"हत्यारं उचल आणि घरी जा."

मग क्लॅरीने नाल स्वतः ठोकले. नाल ठोकायची त्याची सवय सुटली होती, आणि कोणी बघत तर नाही ना म्हणून तो सारखा मागे वळत होता. पुढच्या डाव्या खुरात एक खिळा आतल्या जिवंत भागात गेला. मी थरथरलो, पण गप्प राहिलो. आमच्या जातीत दुखणं दाखवत नाहीत. कळपात जो लंगडतो त्याच्यावरच शिकारी पहिली झडप घालतो.

सकाळी मर्लने खुरावर हात ठेवला आणि ती चमकली.

"बॉस, खूर तापलाय. स्नोईला बोलवा."

"तूही फितूर झालीस तर!"

"मला हवं तर कामावरून काढा, पण याला पळवू नका. हा पाय चोरून पळेल आणि दुसरा मोडून घेईल. मग आहेच हिरवा पडदा."

तो पडदा आम्हाला ठाऊक असतो. पाय मोडून पडलेल्या घोड्याभोवती तो धरतात. पडद्याआड गेलेला घोडा तबेल्यात परतत नाही.

क्लॅरीने ऐकलं नाही. खोगीर चढलं, शिसं चढलं. मैदानावर जिकडेतिकडे फुलांच्या हॅट घातलेल्या बायका आणि ओरडणारे पुरुष. मर्लने लगाम धरून मला फिरवता फिरवता सरळ मैदानावरच्या घोड्यांच्या डॉक्टरांपुढे नेलं.

"डॉक्टर, हा लंगडतोय."

"मला तर ठीक दिसतोय. जरा दुडकी चालव बघू."

मर्ल माझ्या कानाशी वाकली. "ब्लूई, बाबा, आज खोटं चालू नकोस."

मी तिच्याकडे पाहिलं. ही खरंच फितूर असली तर? मला लंगडा ठरवून हिला काय मिळणार? हजारो लोक माझं नाव घेत होते आणि ही एकटी मला पळू नको म्हणत होती. मी तिचा हात हुंगला. त्याला माझ्याच घामाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता.

मी पाय टाकला, आणि दुखलं तशी मान वर झटकू दिली. सगळ्यांदेखत.

डॉक्टरांनी हात वर केला. ड्राय क्रीक पळणार नाही, असं कर्ण्यावरून पुकारलं, आणि टोप्या उडवणाऱ्यांनीच हुर्यो केली. "विकला गेला!" कोणीतरी ओरडलं. मला विकत घेऊन दिलं तरी काय असतं, गाजर?

स्नोईला बोलावणं गेलं. त्याने खिळा उपसला. टोकाला काळं रक्त होतं. त्याने तो क्लॅरीसमोर धरला. क्लॅरीने खिळा उन्हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हा मीच ठोकलेला कशावरून?"

मर्लला हसू फुटलं, मग रडू. कोट उचलून ती निघून गेली. ट्रेनरला डावलून डॉक्टरांकडे गेलेली म्हणून पुढे तिला कुठल्याच तबेल्यात काम मिळालं नाही.

खूर बरा झाला. मी पुन्हा जिंकलोही. पण नव्या माणसाने पाय उचलायला सांगितला की मी दात दाखवायचो. वय झालं तेव्हा मला न्यायला पुष्कळ जण आले. क्लॅरीला एकाचाही भरवसा वाटेना. शेवटी तो स्वतः ट्रक चालवत मला मर्लच्या छोट्याशा कुरणावर घेऊन आला. माफी त्याने मागितली नाही. एवढंच विचारलं, "याला खायला काय घालणार?"

"लसूणघास."

"दाखव आधी." त्याने पेंढी हुंगली, एक काडी चावून पाहिली, आणि दोर तिच्या हातात दिला.

तेव्हापासून मी इथेच आहे. पाठ आता खचली आहे, दातही झिजलेत. मर्ल अजून येता-जाता पाय चाचपते आणि मी ते न सांगता उचलतो. तुम्ही शर्यतीला जाता, टोप्या उडवता, खुशाल उडवा. पण एखादी बाई लगाम धरून म्हणाली की घोड्याला दुखतंय, तर आधी खूर उचलून बघा. ती कोणाला सामील आहे, हे मग विचारा.