मुकादमाची बोडकी मान

मुकादम पहिल्यांदा आरवला त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले अप्पा परब बनियनवरच गच्चीवर आले, ते भांडायच्या तयारीनं. पण कोंबडा समोर दिसला आणि अप्पा भांडण विसरले.

"बकुळाबाई, याला झालंय काय? मानेवर एक पीस नाही!"

"काय नाय झालेलं. जातच तशी आहे त्याची."

"गजकर्ण-बिजकर्ण नाही ना? आमच्याकडे लहान पोरं आहेत."

"अप्पा, बत्तीस वर्षं हॉस्पिटलात आया होते मी. गजकर्ण मला ओळखता येतं."

अप्पा खाली गेले. त्या रविवारपासून त्यांच्या घरी दर आठवड्याला चार अंडी पोचायला लागली आणि आरवण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

बकुळाबाई तांबे लालबागच्या त्या चाळीत मुलगा संघर्ष आणि सून प्रिती यांच्याबरोबर राहायच्या. परळच्या हॉस्पिटलातून रिटायर झाल्यावर बाई आता काय करणार, असं शेजारणींना वाटत होतं. बाईंनी कोंबड्या पाळल्या. त्याचं झालं असं, की सहा वर्षांपूर्वी त्या खेडजवळच्या माहेरी गेल्या होत्या. बहीण आली म्हणून भाऊ खूश.

"अक्का, गावठी कोंबडी कापतोय आज."

अंगणात डालग्याखाली एक कोंबडा आणि दोन कोंबड्या होत्या, तिघांच्याही माना बोडक्या, उन्हानं लालबुंद झालेल्या. बकुळाबाई लहान असताना असल्या कोंबड्या वाडीत घरोघरी असायच्या. चैत्रातल्या उन्हात बाकीच्या कोंबड्या चोच वासून सावलीला पडायच्या, तेव्हा या बिनधास्त उकिरडा उकरत फिरायच्या.

"आता कोण पाळत नाय यांना," भाऊ म्हणाला. "सगळ्यांनी हॅचरीतली पिल्लं घेतली. वाडीतल्या या शेवटच्या तीन."

बकुळाबाईंनी डालग्यावर हात ठेवला. "मला आज पिठलं चालेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डालगं मांडीवर घेऊन त्या एसटीनं मुंबईला आल्या.

पहिली पिल्लं निघाली तेव्हा त्या चक्रावल्या. आईबाप दोघं बोडक्या मानेचे, आणि पिल्लांत दोन चांगली मानभर पिसांची! बाकीच्यांतही फरक होता. काहींच्या गळ्यावर पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका होता, तर काहींची मान अगदी कोरी. बाईंनी नीट पाहिलं, तर गावाहून आणलेल्या तिघांनाही तो झुपका होताच, इतकी वर्षं कोणी लक्ष दिलं नव्हतं एवढंच. मग त्यांनी कोऱ्या मानेची तेवढी ठेवायची आणि बाकीची वाटून टाकायची असं ठरवलं. कोणाची आई कोण ते विसरू नये म्हणून पायांत रंगीत प्लास्टिकच्या कड्या घातल्या. एकाच घरात सोयरीक नको म्हणून मध्ये एकदा संगमेश्वरहून नवा कोंबडाही आणला. सहा वर्षं असं चाललं, तेव्हा कुठे कोऱ्या मानेची एक जोडी त्यांच्या मनासारखी जमली. कोंबडा छाती काढून गच्चीभर देखरेख करत फिरायचा म्हणून तो मुकादम. कोंबडी कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही म्हणून ती मेट्रन.

या सगळ्यात त्यांना एकच माणूस गुरूसारखा भेटला, शिवडीचे कुशाबा. गोदीत क्रेन चालवून रिटायर झालेला हा माणूस घराच्या मागे असील कोंबडे पाळायचा. लढवायला नव्हे, नुसते बघायला. "देशी कुक्कुट मित्र" नावाची मंडळी परळच्या एका शाळेच्या पटांगणात दरवर्षी प्रदर्शन भरवायची आणि तिथला मोठा चषक बहुतेक वेळा कुशाबाच घेऊन जायचे.

"बकुळाबाई, यंदा मुकादमाला आणा," कुशाबा म्हणाले.

"त्याला? लोक हसतील."

"हसू दे की. माझ्या पहिल्या असीलाला लोक उंट म्हणायचे."

फॉर्म मोबाइलवरून भरायचा होता. तो प्रितीनं भरला. प्रिती दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. रक्ताच्या बाटल्यांना ती घाबरत नसे, पण कोंबडीला घाबरे. लहानपणी एक कोंबडा तिच्या मागे लागला होता, तेव्हापासूनची भीती. लग्नाला तीन वर्षं झाली तरी गच्चीच्या दाराच्या पुढे तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

"आई, विभाग कोणता टाकू? असील, कडकनाथ, नाहीतर मग 'इतर देशी' आहे."

"इतरच टाक. आणि जोडी म्हण. मुकादम आणि मेट्रन."

सगळं ठरलं, आणि शाळेत परीक्षा निघाली म्हणून प्रदर्शन महिनाभर पुढे गेलं. दरम्यान मेट्रन खुडूक बसली. बाईंनी तिच्याखाली तिचीच अकरा अंडी ठेवली. आठवड्यानं सहज कॅलेंडरवर दिवस मोजले आणि कपाळावर हात मारला. पिल्लं निघायचा एकविसावा दिवस बरोब्बर प्रदर्शनाचा!

प्रदर्शनाच्या रविवारी सकाळी त्यांनी मेट्रनच्या दोन टोची खाऊन तिच्याखालचं एक अंडं काढलं आणि कानाला लावलं. आतून बारीक चिवचिव येत होती. आता मेट्रनला हलवणं शक्यच नव्हतं. प्रदर्शनाला जायचं तर मुकादमाला एकट्यालाच न्यायला हवं होतं, आणि संघर्ष मेट्रोच्या डेपोत सकाळच्या पाळीला गेलेला.

"प्रिती, तू लक्ष ठेवशील?"

"मी? आई, मी दारातून बघेन फक्त."

"दारातूनच बघ. पाणी संपलं तर ठेव. पिल्लू बाहेर घरंगळलं तर आत घाल, बस."

"आत घाल म्हणजे, हातानं?"

"मग काय, मोबाइलनं?"

प्रितीनं कुरकुरत मान डोलावली.

भोकं पाडलेल्या खोक्यात मुकादमाला घालून बकुळाबाई टॅक्सीनं परळला पोचल्या. शाळेच्या फाटकात रामदास नावाचा एक कार्यकर्ता यादी घेऊन उभा होता. त्यानं खोक्याचं झाकण उचललं आणि मागे सरकला.

"काकू, आजारी पक्षी आत घेता येत नाही. बाकीच्यांना लागण होईल."

"आजारी नाय तो. जन्मापासून अशीच मान आहे त्याची."

"पिसं झडलीयत ना पण? सॉरी काकू, नियम आहे."

मागे रांग वाढली होती. कोणीतरी म्हणालं, "अर्धा सोलूनच आणलाय वाटतं," आणि आठ-दहा माणसं मोकळेपणानं हसली. बकुळाबाईंना हसणाऱ्यांचा राग आला नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मुकादमाकडे परक्या नजरेनं पाहिलं. लांब, सुरकुतलेली, लाल मान आणि त्यावर टोपी घातल्यासारखं पिसांचं डोकं. खरंच, हा काय दाखवायला आणला आपण? घरी अंडी फुटत असतील आणि आपण इथे फाटकात उभ्या. त्यांनी झाकण लावलं आणि खोकं उचललं.

तेवढ्यात आतून कुशाबा आले, काखेत हातभर उंच असील. "काय झालं? निघालात कुठे?"

"घरी. नियमात बसत नाय म्हणे."

"बसत नाही म्हणजे?" कुशाबांनी रामदासकडे वळून आवाज चढवला. गोदीतल्या माणसाचा आवाज तो, अख्खं पटांगण वळून बघायला लागलं. "डॉक्टरबाईंना बोलव आधी. आजारी आहे की नाही ते तू ठरवणार का त्या?"

डॉक्टर मेघना सावे परीक्षक होत्या, पस्तिशीच्या, पायात गमबूट. त्यांनी मुकादमाला बाहेर काढलं. पंखाखाली पाहिलं, मानेची कातडी बोटांनी ताणून पाहिली, डोळे पाहिले. मुकादम देखरेखीला आल्यासारखा शांत उभा.

"ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "रामदास, ही बोडक्या मानेची जात आहे. कोकणात होती पूर्वी. मी कॉलेजात असताना एकदाच पाहिली होती. मावशी, कुठून मिळवलात?"

"पिठल्यावर," बकुळाबाई म्हणाल्या, आणि मग सगळी हकिगत सांगावी लागली.

रामदासनं स्वतः खोकं उचलून आत नेलं. "सॉरी काकू, मला खरंच माहीत नव्हतं," असं तो दोनदा म्हणाला, आणि मुकादमाच्या पिंजऱ्याला सावलीतली जागा दिली.

अकराच्या सुमारास डॉक्टरबाई "इतर देशी"च्या रांगेत आल्या. त्यांच्या मागे बघ्यांचा घोळका.

"मावशी, फॉर्मवर जोडी लिहिलीय. कोंबडी कुठाय?"

"अंड्यांवर. आज एकविसावा."

"आजच? बरं केलंत हलवली नाहीत ते." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण एक अडचण आहे. बोडक्या मानेचे संकर हॅचरीतही मिळतात हल्ली. दिसायला असेच. याची पिल्लं याच्यासारखीच निघतात का, हे मला कसं कळणार?"

ते तर बकुळाबाईंनाही अजून कळायचं होतं. या जोडीची ही पहिलीच अंडी. निघतील, असं त्यांचं मन सांगत होतं, पण मनाचं बोलणं परीक्षकाला कसं सांगणार? त्या उत्तर जुळवत होत्या आणि पिशवीतला मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल.

"आई! आई, फुटली!"

पडद्यावर प्रिती दिसत होती, पण दारात नव्हे. ती खुराड्यात अर्धी शिरलेली होती, केसांत पेंढ्याच्या काड्या, हातावर टोचल्याचे लाल ठिपके. "एक बाहेर पडलं म्हणून आत घालायला गेले, तर मेट्रननं मला टोचलं. मी म्हटलं, टोच बाई, पण तुझं पोर घे. मग घेतलं तिनं. आई, सहा झाली!"

"माना दाखव," बकुळाबाई मोबाइल डोळ्यांजवळ धरत म्हणाल्या.

प्रितीनं एक पिल्लू तळहातावर घेतलं, ज्या तळहातावर तिनं कधी कोंबडीचं पीस घेतलं नव्हतं. ओलं, डोळे मिटलेलं, सुपारीएवढं डोकं. आणि मान गुलाबी, कोरी.

डॉक्टरबाईंनी मोबाइल आपल्या हातात घेतला. "ताई, मी परीक्षक बोलतेय. गळ्यावर पुढच्या बाजूला लव किंवा झुपका दिसतो का? एकेक करून बघाल?"

प्रितीचा आवाज एकदम बदलला, लॅबमधला झाला. "एक मिनिट मॅडम. पहिलं, नाही. दुसरं, नाही. तिसरं ओलं आहे, थांबा, पुसून बघते. नाही. चौथं, पाचवं, नाही. सहावं... नाही. सहाच्या सहा क्लीन. मॅडम, सातवं येतंय, कवच हलतंय!"

घोळका मोबाइलवर वाकला. कवचाचा तुकडा उडाला, डोकं बाहेर आलं, मग पंख, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एका हिसक्यात सगळं पिल्लू. "कोरं!" कुशाबाच ओरडले, आणि टाळ्या पडल्या. मोबाइलमधली चिवचिव ऐकून पिंजऱ्यातला मुकादम मान वर करून कुककुक करायला लागला, तेव्हा तर रामदासही हसला. बकुळाबाईंनी पदरानं डोळे टिपले. सहा वर्षं गच्चीवर एकटीनं जे जुळवलं, ते आज शंभर माणसांसमोर खरं ठरलं होतं.

निकाल दुपारी लागला. मोठा चषक कुशाबांच्या असीलाला. "इतर देशी"त पहिला नंबर वसईच्या एका जोडीला गेला, कारण ती जोडी पुरी होती आणि मुकादमाच्या तुऱ्याचा एक दात जाळीत अडकून मोडलेला होता. मुकादम दुसरा. बकुळाबाईंनी ते मनापासून मान्य केलं. वसईवाल्याची कोंबडी त्यांनीही दोनदा जाऊन पाहिली होती, देखणी होती. पण निघताना डॉक्टरबाई त्यांच्याजवळ आल्या.

"मावशी, पुढच्या वर्षी बोडक्या मानेचा वेगळा विभाग ठेवायचा असं मी सुचवणार आहे. आणि चिपळूणकडची दोन-तीन घरं ही जात शोधतायत. या जोडीची अंडी द्याल?"

"देईन की. पण कापणार नाय असं लिहून घ्या त्यांच्याकडून."

"तेवढं नाही हो लिहून घेता येत," डॉक्टरबाई हसल्या. "आधी वाढवा, मग खा, असं सांगते."

"हां, ते चालेल."

कुशाबांनी त्यांना टॅक्सीपर्यंत सोडलं. चषक बगलेत, पण लक्ष खोक्याकडे. "एक पिल्लू मला," ते म्हणाले.

"तुम्ही असीलवाले ना?"

"म्हणून काय झालं? आणि ऐका, मुकादमाला पंधरा दिवस पिल्लांपासून लांब ठेवा. चार ठिकाणच्या कोंबड्यांत बसून आलाय."

घरी पोचल्यावर बकुळाबाई खोकं घेऊन थेट गच्चीवर निघाल्या, तर प्रितीनं त्यांना दारातच अडवलं.

"मुकादम त्या कोपऱ्यात. आणि आई, आधी आंघोळ करून कपडे बदलून या, मगच पिल्लांना हात."

"मला शिकवतेस?"

"लॅबमध्ये हेच करतो आम्ही."

बकुळाबाईंनी मुकादमाला कोपऱ्यातल्या जुन्या पिंजऱ्यात सोडलं आणि त्या आंघोळीला गेल्या. परत आल्या तेव्हा दहा पिल्लं निघाली होती, दहाही कोऱ्या मानेची. अकरावं अंडं अजून तसंच होतं आणि प्रिती त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली होती.

चारच्या सुमारास संघर्ष ड्युटीवरून आला. खाली घर रिकामं, म्हणून वर आला. बायको खुराड्यासमोर बसलेली बघून तो दारातच थबकला.

"ही इथे काय करतेय? आई, जेवायला काय आहे?"

"श्श," प्रिती म्हणाली. अंड्यावर बारीक चीर दिसत होती.

बकुळाबाई सुनेच्या शेजारी पाटावर बसल्या. "डाळ-तांदूळ धुऊन ठेवलेत," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आज कुकर तू लाव."