माझी पाठ कोणी पाहिलीच नाही

मी एक जुना, वाळवलेला नेचा आहे. वनस्पती-संग्रहालयाच्या लोखंडी कपाटात, जाड पांढऱ्या कागदावर चिकटून पडलेला. आम्हा नेच्यांना ना फूल, ना फळ. येणारेजाणारे आमच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, त्याचा मला राग नाही. पण ज्यांना आमच्याकडे पाहण्याचंच काम नेमून दिलं होतं, त्यांनीही पाहू नये? मित्रांनो, एकतीस वर्षं मी हा राग गिळला. आज बोलतो.

माझा जन्म एका घळीत, धबधब्यामागच्या ओल्या खडकाच्या फटीत झाला. एके सकाळी संग्रहालयातली नवी सहायक बाई तिथे उतरली. गुडघाभर चिखल आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. वर तिचा भाऊ दोर धरून उभा होता.

"अगं, पुरे आता! पाय घसरला तर आईला काय तोंड दाखवू?"

"थांब रे दादा, हा काहीतरी वेगळाच दिसतोय."

तिने सर्वांत आधी माझं पान उलटलं. मित्रांनो, नेच्याची ओळख त्याच्या पाठीवर असते. तिथे बीजाणूंचे पुंजके असतात, कोणाचे गोल ठिपके, तर कोणाच्या रेघा. माझ्या पाठीवर पानाच्या कडेकडेने तपकिरी रेघा होत्या, आणि देठावरच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध काळा पट्टा. बाईने भिंग डोळ्याला लावलं, ते खाली घेईना.

तिने मला टीपकागदांत दाबलं आणि रोज न चुकता कागद बदलले. चिकटवताना एक पान मुद्दाम दुमडलं, पाठ सगळ्यांना दिसावी म्हणून. मग ती मला मोठ्या साहेबांकडे घेऊन गेली. साहेबांनी चहाचा कप खाली न ठेवताच माझ्याकडे पाहिलं.

"हा? हा तर ओढ्याकाठचा साधा नेचा. कुठेही उगवतो."

"साहेब, त्याच्या पाठीवर गोल ठिपके असतात. याच्या रेघा आहेत. एकदा भिंगातून बघता का?"

"बाई, मी बावीस वर्षं नेचेच बघतोय. नसते फाटे फोडू नका."

मला नाव ठेवायचं सोडून त्यांनी मला नावं ठेवली! वर सहीचं भलंमोठं लेबल स्वतःच्या हाताने चिकटवलं, तेही नेमकं माझ्या दुमडलेल्या पानावर. जिथे माझी खरी ओळख होती, तिथेच माझं खोटं नाव. बाईने कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं, 'शंका आहे. पाठ पाहावी.' पुढे तिची दूरच्या बियाणे-भांडारात बदली झाली.

चुकीचं नाव नोंदवहीत गेलं. तिथून एका अहवालात गेलं, कारण कोणाला तरी त्या घळीत दगडाची खाण काढायची होती. अहवाल लिहिणाऱ्याने घळीत पाऊलही टाकलं नाही. त्याने नोंदवही उघडली आणि लिहिलं, 'साधे नेचे. हरकत नाही.' मग सुरुंग लागले. खालची अर्धी घळ गेली. माझ्या भावंडांची खडी झाली, मित्रांनो! आणि मी कपाटात खोटं नाव पोटाशी धरून गप्प.

वरची घळही फोडणार, ही बातमी वाचून बाई परत आली. केस पांढरे, हातात काठी. संग्रहालयाच्या प्रमुखाच्या खुर्चीत आता एक तरुण मुलगी होती. तिने मला बाहेर काढलं आणि पेन्सिलीची ओळ वाचली.

"हे कोणाचं अक्षर?"

"माझं."

"बाई, लेबल काढायला गेलं तर साहेबांची सही फाटेल."

"सही फाटू दे गं. पान फाटता कामा नये."

ओल्या कापसाने एकेक कोपरा सोडवत अर्धा तास गेला. लेबलाखाली माझ्या रेघा जशाच्या तशा होत्या. प्रमुख मुलगी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठलीच नाही. मग तिने पुस्तकांचा ढीग उपसला.

"बाई, हा कुठल्याच पुस्तकात नाही!"

बाई हसली नाही. "हे तेव्हाच कळलं असतं, तर अख्खी घळ वाचली असती," एवढंच म्हणाली.

त्या दोघी वरच्या घळीत गेल्या. माझ्या जातीची सतरा रोपं अजून तग धरून होती. मग खाणीच्या परवानगीवर सुनावणी झाली आणि मला तिथल्या टेबलावर ठेवलं गेलं. खाणवाला हसला.

"एका वाळक्या पानासाठी काम थांबवायचं?"

बाई काठी टेकत उठली. "याच वाळक्या पानाचं नाव दाखवून तुम्ही काम सुरू केलंत. तेव्हा कोणी ते उलटून पाहिलं नव्हतं, एवढाच फरक."

वरची घळ वाचली. मला स्वतःचं नाव मिळालं. आता मी नव्या जातीचा पहिला नमुना म्हणून खास लाल फोल्डरात असतो आणि लांबून आलेले अभ्यासक मला दोन्ही हातांनी उचलतात. पण या मानसन्मानाने माझी भावंडं परत येणार आहेत का? पान उलटायला लागतो एक क्षण. तो एक क्षण साहेबांकडे नव्हता!

मित्रांनो, माझ्याच कप्प्यात आणखी चाळीस नेचे पडून आहेत. त्यांतल्या किती जणांना खरं नाव मिळालंय, कोण जाणे. त्यांचीही घरं कुठेतरी असतील, आणि तिथेही कोणीतरी खुर्चीत बसून अहवाल लिहीत असेल. मोठे झालात की इकडे या. घाई करायचीच असेल तर येण्याची करा. पाहताना मात्र अजिबात करू नका.