रसकापूर लावलेली झावळी

१९७८ साली फादर बेनेडिक्ट नागपुरात बसून विदर्भातल्या कॅथलिक चालीरीतींचा अभ्यास करत होते. इतिहास त्यांच्याकडे, वनस्पती प्रेमिलाकडे, रसायन माझ्याकडे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, इकडची कुटुंबं कोणत्या झाडाची पानं आशीर्वादाला नेतात, हा त्या वर्षीचा प्रश्न होता. ती पानं वर्षभर घरच्या क्रुसामागे राहतात. मग देवळात ती जाळतात आणि उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी त्यांची राख कपाळाला लावतात.

बुधवारच्या आत परत देऊ, असं सांगून आम्ही काही घरांतली पानं आणली. सगळी शिंदीची निघाली.

सोमवारी उमरेडच्या भीमाबाई एसटीनं आल्या.

"माह्या पोराची, याकोबची झावळी द्या गा. धंतोलीच्या दवाखान्यात शेवटपर्यंत त्याच्या उशाखाली होती. बुधवारी तिचीच राख लावीन."

प्रेमिलानं कागदावर टाचलेलं पान आणलं. कोपऱ्यात लाल शिक्का होता: विषारी.

"रसकापूर लावलास?" मी विचारलं.

"लावला. कीड लागू नये म्हणून. कॉलेजात जपायच्या सगळ्याच पानांना लावतो." तिनं शिक्क्याकडे पाहिलं. "हे जाळायचं आहे, हे डोक्यातच आलं नाही."

रसकापूर म्हणजे पाऱ्याचा क्षार. जाळला की विषारी वाफ, आणि वर तीच राख कपाळाला. परत द्यायचा सगळा गठ्ठा मी आधी कपाटात बंद केला.

प्रेमिला हळूच म्हणाली, "अंगणातल्या शिंदीचं देऊ. झाड तेच, पान तसंच."

भीमाबाईंना ऐकू गेलं. "तसंच पोरगं देतो म्हटलं कोनं, तं घेशीन का वं?"

मग मी त्यांना खरं ते सांगितलं. त्या बाकावर बसल्या.

फादर म्हणाले, "आशीर्वाद दिलेली वस्तू जाळतात, तशी पुरताही येते, भीमाबाई."

"कुठीबी?"

"कुठेही."

"मंग त्याच्याच जवळ पुरतो."

"हात लावू नका, पिशवीत घालून देतो," मी म्हणालो.

"काहून?"

"विष आहे."

"त्याले आता काय करते गा विष?"

तरी त्यांनी पिशवी उघडून धरली. प्रेमिला हातमोजे घालून कागदावरचे टाके उसवू लागली.

"हळू वं," भीमाबाई म्हणाल्या. "वाळून गेली ते."