होडीपासून हातभर

मला जरा राग आला की आमच्या घरात कुणी माझं ऐकून घेत नाही, सगळे साखर शोधायला धावतात. लहानपणी मधुमेह झाला तेव्हापासूनचं हे. मी विचारावं, ताई, माझी कात्री का घेतलीस, आणि तिने मुकाट्याने माझ्या तळहातावर ग्लुकोजची गोळी ठेवावी. तिचंही अगदीच चूक नव्हतं, साखर उतरली की मी खरंच भांडते. पण माणूस कधी कधी नुसतं रागावलेलंही असतं, हे पटवून देता देता माझे केस पिकायला लागले. म्हणून दंडावर साखर मोजणारा सेन्सर बसला तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो हाती पुरावा आल्याचा. फोन ताईच्या नाकासमोर धरायचा, हे बघ, एकशे तीस, बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर. आता बोल, कात्री का घेतलीस?

ताई शाळेची बस चालवते. मी पडदे शिवते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. या काठापासून त्या काठापर्यंत तलाव पोहून जायचं मी ठरवलं तेव्हा तिने काही दिवस अबोला धरला आणि मग स्वतःच सोबतच्या होडीत बसायला तयार झाली. अट एकच, तिने ‘ये’ म्हटलं की वाद न घालता होडी धरायची. आणि होडीला बोट जरी लागलं तरी पोहणं बाद, हा तिथला नियम. म्हणजे माझी वर्षभराची मेहनत तिच्या एका शब्दावर टांगलेली. तरी मी कबूल झाले, कारण इतका वेळ न कंटाळता माझ्याकडे बघत बसेल असं दुसरं माणूस मला ठाऊक नाही.

उजाडत होतं तेव्हा मी पाण्यात उतरले. पाण्यावर धुकं होतं. होडी डाव्या बाजूला, त्यात कमी बोलणारा होडीवाला आणि लाल टोपी घातलेली ताई.

पाण्याखालून सेन्सरचा निरोप फोनपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आमची एक रीत ठरली होती. मधूनमधून मी होडीजवळ जाऊन उताणी व्हायचं, दंड पाण्याबाहेर काढायचा, ताईने ओणवं होऊन फोन जवळ आणायचा, आणि आकडा येईपर्यंत दोघींनी गप्प राहायचं. मग ती दोरीला बांधलेली साखरपाण्याची बाटली सोडायची, मी पिऊन ती परत ढकलायची. घरी सराव करताना ओणवं होऊन तिला तीन वेळा चक्कर आली होती, मला एकदाही नाही.

मध्यावर कुठेतरी दोन्ही काठ नाहीसे झाले. पाणी एका पट्ट्यात गार लागे, पुढच्या पट्ट्यात कोमट, आणि मला वाटू लागलं की तलावात पडदे सोडलेत. हिरवट, झिरझिरीत, तळापर्यंत लांब. मी एक बाजूला सारायची की पुढे दुसरा. कुणीतरी फार मन लावून शिवले होते, कुठे टाका दिसत नव्हता. वल्ह्याची करकर ऐकू येत होती, ती हळूहळू शिलाई मशीनची झाली. पलीकडच्या खोलीत आई काठ दुमडत बसली होती. तिला घाई नव्हती. कुणालाच कशाची घाई नव्हती, आणि मला तर जगातल्या एकाही माणसाबद्दल तक्रार उरली नव्हती. हात आपले आपण चालले होते.

ताईने शीळ घातली. मी उताणी झाले, दंड वर केला. एकशे बारा, बाण आडवा. तिने तो आकडा मोठ्याने वाचला आणि तरी बाटली सोडली, म्हणाली पी. प्यायची वेळ झाली नव्हती. एरवी मी तिला सुनावलं असतं की ही तुझी बस नाही, इथलं वेळापत्रक माझं आहे.

“हो ताई,” मी म्हटलं. “किती गं करतेस माझ्यासाठी.”

होडीवाल्याची वल्ही थांबली.

ताईने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो. साखर झरझर उतरत असली की तो मागे राहतो, जिथून आपण केव्हाच निघालो तिथला आकडा सांगत बसतो. डॉक्टरांनी हे आम्हा दोघींना समजावलं होतं. मी पुराव्याच्या आनंदात ते सोडून दिलं, तिने सोडलं नव्हतं. भांडायची पायरी माझ्या नकळत मागे पडली होती आणि तिच्याखाली मी कशी असते हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

तिने मला बाटली संपवायला लावली. मग दुसरी. होडीवाल्याने होडी हातभर अंतरावर आणली, गुडघ्यांवर बसून दोन्ही हात माझ्यावर धरले आणि ओढून घेऊ का विचारलं. ताईने त्याला थांबवलं. पुन्हा आकडा पाहिला तेव्हा एकसष्ट होता आणि बाण खाली.

“तुझ्या हाताला आईची सर नाही,” ताई म्हणाली, बसमधल्या दंगेखोर पोरांशी बोलते त्या आवाजात.

“नाहीच मुळी,” मी म्हटलं.

निळ्या पडद्यांचं माप मीच चुकवलं होतं, गिऱ्हाइकाने नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं माझंच चुकलं. साफ खोटं होतं ते, त्या बाईने खिडकी न मोजताच माप दिलं होतं. घरातला पंखा मी बिघडवला, मांजर माझ्यामुळे पळालं, सगळं मी हसत हसत कबूल केलं. ती म्हणाली, आता एकदाच बोलणार, त्यावरही नाही भांडलीस तर ‘ये’ म्हणणार. मला तेही चाललं असतं. होडीची कड फार सुंदर दिसत होती, आणि तिने बोलवायच्या आधीच माझा हात तिकडे निघाला होता.

“आई गेली त्या दिवशी तू रडलीही नाहीस,” ती म्हणाली. “मशीनवर बसून पडदे शिवलेस.”

पाणी एकदम गार लागलं.

“खोटं बोलू नकोस.” माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. “आवाज झाकायला मशीन चालवत होते मी. रात्रभर रडले. तू पलीकडे घोरत पडली होतीस.”

होडीवाल्याने मान फिरवली. ताईने टोपी काढून चेहरा पुसला. बाण वर वळेपर्यंत तिने मला तिथेच तरंगत ठेवलं, आकडा ऐंशीच्या पुढे जाईपर्यंत हलू दिलं नाही, आणि मी तेवढा वेळ तिला तोंडाला येईल ते बोलत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“घोरत नव्हते,” ती शेवटी म्हणाली. “जागी होते. मशीन थांबलं की तुझं रडणं ऐकू यायचं. उठून यायला हवं होतं मी, आले नाही.” तिने बाटलीची दोरी गुंडाळली. “आता पोह.”

मी होडीकडे गेलेला हात मागे घेतला.